मिठाच्या बरणीशेजारचा कॉम्प्युटर

माझा भाचा तारकर्लीत स्कूबावाल्यांकडे व्हिडिओचं काम करतो. सकाळी पर्यटक पाण्याखाली जातात, दुपारी फुटेज कार्डावरून उतरतं, आणि संध्याकाळी ती माणसं परतीच्या गाडीत बसायच्या आत त्यांच्या मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा नीट कापलेला व्हिडिओ पोचायला लागतो. रात्री जेवण झालं की त्याच खुर्चीत बसून तो मित्रांबरोबर गेम खेळतो. इतके दिवस हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर निभावलं. यंदा पावसाळ्यात डायव्हिंग बंद असताना त्याने ठरवलं, आता कॉम्प्युटर असेंबल करूनच घ्यायचा. एका रात्री मेसेज आला, "मामा, ग्राफिक कार्ड खयचा घेवया?" खाली सुट्या भागांची यादी. निम्म्याहून जास्त पैसे कार्डावर, आणि अगदी तळाशी एसएमपीएससमोर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यासमोर, एकच शब्द: कुठलाही.

मालवण आणि आसपासच्या गावांत मी गेली बरीच वर्षं कॉम्प्युटर जोडून देतो. लग्नाचे स्टुडिओवाले, कॉलेजची मुलं, दशावताराचे प्रयोग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणारे, सगळे येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न कार्डाचाच असतो. मी त्यांना आधी तीन गोष्टी विचारतो. फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं? स्क्रीन केवढी घेणार? आणि घर समुद्रापासून किती लांब? बाकीची यादी या उत्तरांतूनच तयार होते.

स्क्रीन आधी, कार्ड नंतर

गेम चालू असताना आत दोन कामं चालतात. कोण कुठे पळतोय, गोळी लागली की हुकली, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगवतं ते ग्राफिक कार्ड. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर जेमतेम ७. आता ठिपके मोजा. १०८०पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. म्हणजे १०८०पी सोडून ४के घेतलं की कार्डाचं रंगकाम चौपट होतं. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण गेममधली माणसं काही वाढलेली नसतात. म्हणूनच १०८०पी स्क्रीनला अवाढव्य कार्ड लावलं तर ते बराच वेळ प्रोसेसरची वाट बघत बसतं, आणि ४के स्क्रीनला किरकोळ कार्ड लावलं तर प्रोसेसर कितीही भारी असला तरी खेळ अडखळतो.

एएमडीच्या ज्या प्रोसेसरच्या नावात एक्स३डी असतं, ते गेममध्ये पुढे का असतात, हेही इथेच सांगतो. स्वयंपाक करताना मसाल्याचा डबा शेगडीशेजारी असला तर हात चटकन पोचतो, प्रत्येक चिमटीसाठी फडताळापर्यंत जावं लागलं तर वेळ जातो. प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी म्हणजे हा डबा, आणि रॅम म्हणजे फडताळ. रायझन ७ ७७००एक्समध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट आहे, त्याच घराण्यातल्या ७८००एक्स३डीमध्ये ९६. गेमला या मोठ्या डब्याचा फार उपयोग होतो. एडिटिंगला त्यापेक्षा जास्त हात, म्हणजे जास्त कोअर, लागतात. फक्त खेळणारा असेल तर मी डोळे मिटून एक्स३डी सांगेन. ज्याची संध्याकाळची मजुरी रेंडरवर, म्हणजे कापलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार होण्यावर, अवलंबून आहे त्याला नाही सांगणार.

फुटेज अडखळतं ते का

भाच्याची खरी तक्रार अशी होती, की टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, व्हिडिओ मागे-पुढे केला की चित्र थिजतं. त्याला वाटायचं, कार्ड कमी पडतंय. पण कारण कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये होतं.

दुकानाची रोजखर्चाची वही डोळ्यांसमोर आणा. एक तारखेला शिल्लक लिहिली, आणि नंतर रोज फक्त आले किती, गेले किती एवढंच लिहिलं. वही पातळ राहते. पण वीस तारखेची शिल्लक कोणी विचारली तर एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. अॅक्शन कॅमेरा, ड्रोन आणि मोबाइल व्हिडिओ असाच लिहितात. एक चित्र पूर्ण, त्यानंतरच्या चित्रांत फक्त काय बदललं ते. एच२६४ आणि त्यापुढचं एचईव्हीसी या दोन्ही पद्धती याच वहीच्या, फक्त एचईव्हीसीची आकडेमोड जास्त किचकट. सरळ बघताना बेरीज ओघात होत जाते. एडिटर मात्र मधूनच वीस तारीख विचारतो, लगेच सात, लगेच अठ्ठावीस. तिथे यंत्राला घाम फुटतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्याला एक पैसाही लागत नाही, तो म्हणजे प्रॉक्सी. कापाकापीसाठी सॉफ्टवेअरकडून हलक्या नकला करून घ्यायच्या, म्हणजे जणू प्रत्येक ओळीवर शिल्लक मांडलेली वही, आणि शेवटी रेंडर मूळ फाइलवरून करायचा. नवीन यंत्र घ्यायच्या आधी हे एकदा करून बघाच. दोन स्टुडिओवाल्यांना मी एवढंच शिकवलं आणि त्यांची खरेदी वर्षभर पुढे गेली.

दुसरा उपाय म्हणजे ही बेरीज करणारं वेगळं सर्किट. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये २०११पासून ते असतं, त्याला क्विक सिंक म्हणतात. ग्राफिक कार्डांतही तसं सर्किट असतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यात अंगचं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. दुकानात "एफ घ्या, थोडे पैसे वाचतील" असं हमखास ऐकायला मिळतं. फक्त गेमसाठी सल्ला बरोबर आहे, एडिटिंगवाल्याने तो ऐकू नये. शिवाय कार्ड कधी बिघडलंच तर अंगच्या ग्राफिक्सवर स्क्रीन तरी चालू राहते, आणि कार्ड दुरुस्तीला मुंबईला गेलं की परत यायला किती दिवस लागतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी आणखी एक बघायचं. बरेच मिररलेस कॅमेरे १० बिट (म्हणजे रंगाच्या जास्त छटा) ४:२:२ रेकॉर्ड करतात. ४:२:० मध्ये चार ठिपक्यांमागे रंगाची एक नोंद असते, ४:२:२ मध्ये दोन ठिपक्यांमागे एक. रंग सुधारायला हे छान, पण सगळी सर्किटं ही वही वाचू शकत नाहीत. इंटेलचं अंगचं ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून एचईव्हीसीची ही पद्धत वाचतं, आणि एनव्हिडियाची कार्डं २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं महागडं कार्डही इथे हात टेकतं. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन आपण नेमकं काय रेकॉर्ड करतो ते बघून मगच दुकानात जावं.

कार्डाची मेमरी हाही एडिटिंगचा मुद्दा आहे. दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर रंगकाम, नॉइज काढणं असं सगळं कार्डाच्या मेमरीत ठेवून करतं, आणि ती भरली की रेंडर मधेच थांबतो. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं आणि खोक्यावरचं नाव तेच असतं. भाच्याच्या यादीत ८ जीबीवालं होतं. ते मी खोडलं.

शेवटी आम्ही इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५ घेतला, शेवटी एफ नसलेला, वीस कोअरचा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) पुढे प्रोसेसर बदलायची सोय जास्त आहे, ते खरं आहे. आधीच्या एएम४वर तर लोकांनी २०१७च्या सुमाराचे बोर्ड ठेवून २०२२चा ५८००एक्स३डी बसवला. दर दोन वर्षांनी अदलाबदल करणाऱ्याने एएम५च घ्यावा. भाचा पाच-सहा वर्षं आत हात घालणार नाही, म्हणून त्याच्या रोजच्या फुटेजला मी जास्त वजन दिलं.

रॅम ३२ जीबी, दोन पट्ट्यांत. एकच पट्टी लावली तर रस्ता अर्धा होतो, आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या चार पट्ट्या लावल्या की वेग बहुधा खाली आणावा लागतो. २०२५च्या अखेरपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे ६४चा हट्ट मी धरला नाही. डिस्कबाबत एक गणित पुरे. १०० मेगाबिटचं ४के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास देते, चौथ्या पिढीची एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी, ७,०००पर्यंत जाते. पाचव्या पिढीसाठी जादा पैसे मोजून या कामात काहीच हाती लागत नाही. त्या पैशांत दुसरी मोठी हार्ड डिस्क घ्या आणि फुटेजची नक्कल दुसऱ्या घरात ठेवा. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा खाली ठेवलेलं काहीच वाचलं नाही, हे विसरून चालणार नाही.

खारा वारा

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत ती कोणी सांगत नाही.

श्रावणात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. मीठ हवेतली वाफ ओढून घेतं, आणि हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळायलाच लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८०-९० टक्क्यांवर असते. आता समुद्राच्या तुषारांतून उडालेलं तेच मीठ, डोळ्यांना न दिसणारं, वाऱ्याबरोबर खिडकीतून येऊन मदरबोर्डवर बसतं. त्यावर जांभ्याची तांबडी धूळ. जून लागला की त्या थराला पाणी सुटतं. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं आणि तांबं खातं. रॅमच्या खाचेत, कनेक्टरच्या टोकांवर हिरवट ठिपके दिसायला लागतात. एका जुलैत देवबागच्या एका मुलाचा बोर्ड मी उघडला होता. किनाऱ्यापासून घर दोनशे पावलांवर, यंत्र पश्चिमेच्या खिडकीखाली, आणि तीन महिने पांघरुणाखाली बंद. कुठलाच भाग जळलेला नव्हता, सगळं नुसतं गंजलं होतं.

बंद हा शब्द महत्त्वाचा आहे. लोकांना वाटतं, पावसात यंत्र झाकून बंद ठेवलं की सुरक्षित. घडतं उलटंच. ३० अंशाला ९० टक्के दमट असलेली हवा कॅबिनेटच्या आत ३८ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली येते, कारण गरम हवेत वाफेला जागा जास्त असते. मिठाला पाणी सुटायची हद्द ७५ची. म्हणजे चालू यंत्र स्वतःला कोरडं ठेवतं. म्हणून पावसाळ्यात काम असो-नसो, रोज तासभर तरी ते चालवा. आणि बंद केल्या केल्या प्लास्टिकच्या कव्हरखाली कोंडू नका, सुती कापड पुरतं. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कॅबिनेटमध्ये ठेवून काही होत नाही, थोड्याच वेळात त्या तुडुंब होतात. डब्यात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सना त्या उत्तम.

एसी असलेल्या स्टुडिओत वेगळी काळजी घ्यावी लागते. २४ अंशांच्या खोलीत यंत्र बंद पडून थंड झालंय, आणि कोणीतरी खिडकी उघडली. बाहेरची दमट हवा त्या थंड धातूला लागली की दव पडतं, थंडगार सोलकढीच्या पेल्यावर पडतं तसंच. एसी बंद केल्यावर खिडकी लगेच उघडू नये, आणि उघडलीच तर यंत्र तासभर तरी सुरू करू नये.

कॅबिनेट निवडताना मग रंगीत दिव्यांपेक्षा जाळी बघा. पुढे जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारा फिल्टर, पुढून हवा ओढणारे दोन पंखे आणि मागून फेकणारा एक. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटींतून हवा बाहेरच जाते, आणि धूळ येते ती फक्त फिल्टरमधून. रिकाम्या यूएसबी आणि एचडीएमआयच्या तोंडांना सिलिकॉनची बुचं मिळतात, ती लावाच.  प्रोसेसरवर मी पाण्याच्या कूलरऐवजी निकेलचा मुलामा दिलेला हवेचा कूलर लावतो. त्यात बिघडणारा भाग म्हणजे एक पंखा, आणि तो कुडाळात किंवा कणकवलीत मिळतो.

यंत्र जमिनीपासून हातभर उंच, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब. सफाई वर्षातून दोनदा, मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, आणि रॅमच्या टोकांना ओलं फडकं न लावता आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं.

लाइट

आता त्या "कुठलाही"कडे येतो. एसएमपीएसच्या आत मोठे कपॅसिटर असतात. लाइट गेली तरी ते साधारण १६ मिलिसेकंद यंत्र ओढतात, सेकंदाचा साठावा भाग. यूपीएसने तेवढ्यात बॅटरीवर उडी मारायची असते. स्वस्त एसएमपीएसमध्ये हे कपॅसिटर लहान असतात, आणि यूपीएस असूनही यंत्र बंद पडतं. मग लोक यूपीएसला दोष देतात.

८० प्लस गोल्ड वगैरे शिक्के फक्त विजेची बचत सांगतात, टिकाऊपणाचं ते प्रमाणपत्र नाही. वॉरंटी किती वर्षांची, हे जास्त बोलकं असतं. आणि लेबलवर एक ओळ शोधा: १००–२४० व्होल्ट, की २००–२४०? लाइनीच्या शेवटच्या घरात संध्याकाळी १८० व्होल्ट यायला वेळ लागत नाही. २००च्या खाली न चालणारा एसएमपीएस तिथे मधूनमधून यंत्र रिस्टार्ट करत राहील आणि तुम्ही रॅम बदलत बसाल.

भाच्याचा हिशेब असा. प्रोसेसर भर जोरात १८२ वॅट, कार्ड १८०, बाकी सगळं मिळून ७०, स्क्रीन ३०. म्हणजे ४६०च्या आसपास. एसएमपीएस ७५० वॅटचा घेतला, म्हणजे तो निवांत चालतो. यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, वॅट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तो इथे लाइट जाताच बसला असता. १००० व्हीएचा, ६०० वॅटवाला घेतला. त्यावर रेंडर पुरा होत नाही. फाइल सेव्ह करून बंद करायला पाच मिनिटं मिळतात, त्याचं काम तेवढंच. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्ह हवा, आणि यूपीएस मोडवर ठेवलेला.

अर्थिंगबद्दल मी हट्टी आहे. चिऱ्याच्या घरात कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाहीच असं समजा. एसएमपीएसमधले फिल्टर थोडा करंट धातूच्या अंगावर सोडतात, आणि तो जमिनीत जायला वाट लागते. जांभ्याचा कातळ एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, मग असलेलं अर्थिंगही कमजोर पडतं. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का हे वायरमनकडून बघून घ्या आणि उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी ओतत जा. सर्ज प्रोटेक्टर विजेचा लोंढा जमिनीतच ढकलतो, जमिनीची वाट नसेल तर तो नुसता प्लगचा बोर्ड आहे. आणि मे अखेरीस किंवा परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढाच, राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. ती लोकांना आठवत नाही.

घरी आणताना

बहुतेक भाग आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले, पक्क्या बिलावर, सीरियल नंबर बिलाशी ताडून. जोडलेलं यंत्र तिथूनच गाडीत घालून आणायचा मोह होतो. मुंबई-गोवा रस्त्याचे खड्डे आणि किलोभराचं कार्ड एका खाचेवर लटकलेलं, हे मला बघवत नाही. भाग खोक्यांतच आणले, कोकण रेल्वेने, आणि घरी जोडले. जोडलेलंच आणायचं झालं तर कार्ड आणि मोठा कूलर काढून वेगळे घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (पूर्ण वेगाची सेटिंग) चालू केलं, नाहीतर महागडी रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते. मग रात्रभर मेमरीची चाचणी लावली. सकाळी भाच्याने गेल्या मोसमातलं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं एक फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि प्रॉक्सी न करता पुढे-मागे ओढून बघितलं. माशांचा थवा कुठेही न थिजता उलटा पोहत गेला. त्याने तीनदा ओढून बघितलं, मग खिडकीकडे बघून उठला आणि टेबल पूर्वेच्या भिंतीकडे सरकवायला लागला.